किडनी काय चहाची गाळणी आहे का, कोथमिरीच्या पाण्यानं धुवायला?

उन्हाळा लागला की हा मेसेज फिरतोच. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर थोरल्या जाऊबाईंनी टाकला, दुपारी माहेरच्या ग्रुपवर आला आणि रात्री शाळेच्या मैत्रिणींनी पण, खाली वीस-पंचवीस हात जोडलेले. ज्यांच्याकडं आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किडन्या वर्षानुवर्षं रक्त गाळतात, गाळताना मीठ आणि विषारी घाण त्यांच्यात साचत जाते, ती काढायला कोथमिरीची एक जुडी बारीक चिरायची, पाण्यात दहा मिनिटं उकळायची, गाळून ते पाणी रोज एक ग्लास प्यायचं, लघवीचा रंग बदलेल आणि साचलेलं सगळं बाहेर पडताना तुमचं तुम्हालाच दिसेल. त्याला खाली कोणीतरी शेपूट जोडलेलं: दिवसाला पाच लिटर पाणी प्या, अमक्याचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की हा आकडा वाढतो) साडेचारवरून दोनवर आलं, नैसर्गिक आहे म्हणून साईड इफेक्ट नाही, आणि डायलिसिसच्या नादी लागू नका, एकदा लागलं की सुटत नाही.

मी लातूरला एका लॅबमधे चौदा वर्षं टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं औषध सांगायचा माझा अधिकार नाही. पण रोज लघवीच्या बाटल्या आणि रक्ताच्या ट्यूब माझ्याच हातात असतात, म्हणून एकेक वाक्य घेऊनच बोलते.

"किडनी रक्त गाळते आणि घाण तिच्यात साचते." अर्धं खरं आहे, गाळते. साचते हे कुठून आलं ते पण मला कळतं. आपल्याकडं बोअरचं पाणी, आरओची कँडल सहा महिन्यात पिवळी पडते, बादलीला पांढरा थर, गिझरच्या कॉईलवर खडा. गाळणारी कुठलीही वस्तू तुंबणारच असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माझा भाऊ तर म्हणला, ताई, ठिबकच्या नळ्या पण तुंबतातच की, आम्ही ॲसिड सोडून मोकळ्या करताव.

तर ठिबकवरूनच सांगते. नळीचं शेवटचं टोक आपण बंद करतो, म्हणून आत आलेला गाळ आतच बसतो, आणि साफ करताना काय करतो तर टोक उघडून फ्लश मारतो. किडनीतल्या जाळीचं टोक कायम उघडंच असतं. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळायच्या बारीक नळ्या, प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. रक्त एका बाजूनं आत शिरतं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं, आणि जाता जाता त्यातल्या पाण्यासारख्या भागाचा, म्हणजे प्लाझ्माचा, पाचवा हिस्सा तेवढा दाबानं जाळीतून पलीकडं झिरपतो. बाकीचे चार हिस्से, सगळ्या पेशी, सगळी मोठी प्रोटीन, हे जाळीवर अडकून बसत नाहीत, वाहत पुढं निघून जातात. चहाच्या गाळणीत सगळा चहा जाळीतूनच जातो म्हणून चोथा वर राहतो. इथं चोथा राहायला जागाच नाही, तो रक्ताबरोबर परत फिरायला निघून गेला.

आणि जाळी म्हणजे काही प्लास्टिकचं कापड नाही. तीन थर आहेत. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना बारीक भोकं, त्याच्यावर एक चिवट पडदा, आणि बाहेरून पॉडोसाइट नावाच्या पेशी, ज्यांना पायासारखे फाटे असतात आणि दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे ते फाटे गुंतलेले असतात. त्या बोटांमधल्या फटीतून पाणी, मीठ, साखर, युरिया जातं, अल्ब्युमिनसारखं प्रोटीन जवळपास जातच नाही. वर पडद्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, अल्ब्युमिनवर पण निगेटिव्हच, म्हणून ते लांब ढकललं जातं. जिवंत गोष्ट आहे ही, स्वतःची डागडुजी जमेल तेवढी स्वतः करते. (अपघातात मांडीचे स्नायू चिरडले गेले तर किंवा काही ठराविक आजारात पुढच्या नळ्या खरंच तुंबतात, पण ती इमर्जन्सी असते, वर्षानुवर्षांची घाण नाही आणि तिथं कोथमीर घेऊन कोणी जात नाही.)

आता खरी गंमत गाळण्यात नाहीच, त्याच्या नंतर आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीतच नाही.

दोन्ही किडन्यांतून मिनिटाला लिटरभर किंवा थोडं जास्तच रक्त जातं आणि त्यातून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी जाळीच्या पलीकडं पडतं. १८० लिटर म्हणजे जवळजवळ एक टिपाड. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हा लातुरात ज्यांनी टिपाडं मोजून दिवस काढले त्यांना हा आकडा वेगळा सांगायला नको. आणि लघवी किती होते? दीड लिटर. मग बाकीचं पाणी गेलं कुठं? परत रक्तात. नळ्यांमधे शंभरातलं नव्व्याण्णव भाग पाणी परत उचललं जातं.

आपल्याकडं नवरात्राच्या आधी दसरा काढतात ना, घरातलं झाडून सगळं अंगणात, गोधड्या, भांडी, डबे, ट्रंका, आणि मग धुऊन पुसून जे पाहिजे ते आत, जे नको ते उकिरड्यावर. किडनी हेच करते. घाण शोधून ती उचलत बसत नाही, सगळंच बाहेर काढते आणि कामाचं तेवढं परत आत घेते. अंगातला प्लाझ्मा असतो तीन लिटर, म्हणजे दिवसातून साठ वेळा दसरा. आमच्या घरी वर्षातून एकदा निघतो तर तीन दिवस कंबर धरून बसावं लागतं.

मिठाचा हिशोब तर बघाच. दिवसभरात जाळीतून पलीकडं जाणारं मीठ एक किलोपेक्षा जास्त भरतं, किराणा दुकानातला अख्खा पुडा आणि वर थोडं. त्यातलं जवळपास सगळं परत आत, आणि बाहेर किती तर साधारण जेवढं तुम्ही खाल्लं तेवढं, आठ-दहा ग्रॅम. लोणचं-पापड जास्त खाल्ला तर थोडं जास्त सोडते. रोज किलोभर मीठ हाताळून ग्रॅमचा हिशोब जुळवणाऱ्या अवयवात "मीठ साचलंय" म्हणणं म्हणजे बँकेच्या कॅशियरच्या खिशात चिल्लर सापडेल म्हणून झडती घेण्यासारखं आहे. साखर पण तशीच, सगळी गाळली जाते आणि सगळी परत घेतली जाते, रक्तात १८० च्या आसपास गेली की मग नळ्यांना झेपत नाही आणि लघवीत साखर येते, पूर्वी म्हणायचे ना लघवीला मुंग्या लागल्या, ते हेच.

पटत नसेल तर एक करा. रविवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा एक गुर्दा आणा, (शाकाहारी लोकांनी हा परिच्छेद सोडून द्या) वरचा पातळ पापुद्रा काढा आणि धारदार सुरीनं उभा मधोमध कापा. माझ्या मुलीला नववीत शिकवताना मी हेच केलं. बाहेरचा पट्टा गडद तांबडा, तिथं ते गुच्छ असतात, आतला भाग फिकट आणि त्यात बारीक रेघा, त्या सगळ्या नळ्या, आणि मधे एक पांढुरकी पोकळी जिथं लघवी जमा होऊन खाली जाते. बोट फिरवून बघा. मीठ लागतंय का, गाळ लागतोय का? बकऱ्यानं आयुष्यभर बोअरचंच पाणी प्यालेलं असतं. मुलीनं विचारलं मग मुतखडा कुठून येतो, चांगला प्रश्न होता. मुतखडा होतो तो लघवीत जास्त झालेल्या क्षारांचा, बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा, आणि वाढतो तो पुढं लघवी जमा होते त्या बाजूला. तो काही गाळणीतला गाळ नाही.

खरं म्हणजे किडनीची जाळी बिघडते ती तुंबून नाही, फाटून. म्हणजे उलटंच. शुगर आणि बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की त्या गुंतलेल्या बोटांची पकड सुटते, फटी मोठ्या होतात आणि अल्ब्युमिन लघवीत गळायला लागतं. आमच्याकडं बाटली हलवली की दिसतं, नेहमीचा फेस दोन मिनिटात बसतो, हा बसतच नाही, साबणाच्या पाण्यासारखा वर तरंगत राहतो. पट्टी बुडवली की पिवळा चौकोन हिरवा होतो, जितकं प्रोटीन जास्त तितका गडद. आणि त्या माणसाला काहीच होत नसतं. दुखत नाही, खुपत नाही, तो बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसलेला असतो. गेलेले पॉडोसाइट सहजासहजी परत येत नाहीत, नवीन नेफ्रॉन तर जन्मानंतर माणसाला होतच नाहीत. म्हणून गळती लवकर पकडायची असते, लघवीतलं अल्ब्युमिन मोजायची साधी तपासणी आहे, आणि गळती कमी करणाऱ्या गोळ्या खरंच आहेत, टेल्मिसार्टन-रामिप्रिलच्या जातीच्या बीपीच्या, आणि आता डॅपाग्लिफ्लोझिन, जी नळीतून साखर परत घेणंच अडवते. फाटलेल्या कापडाला धुणं हा उपाय नाही एवढंच.

"लघवीचा रंग बदलेल, घाण दिसेल." बदलेलच की. एक ग्लास जास्तीचं पाणी पोटात गेलं, लघवी पातळ झाली, रंग फिका झाला, साध्या पाण्यानं पण होईल. पिवळा रंग येतो तो जुन्या तांबड्या पेशी मोडून झालेल्या युरोबिलिनचा. आणि "दिसतं" म्हणता तर ऐका, चांगली स्वच्छ लघवी बाटलीत घालून फ्रिजमधे ठेवली की तासाभरात गढूळ होते, कधी तळाला विटकरी चुरा बसतो. नवीन मुलं लॅबमधे आली की घाबरतात. तीच बाटली मुठीत धरून गरम केली की चुरा गायब. युरेट्स असतात ते, युरिक ॲसिडचे क्षार, थंडीत खाली बसतात, गरमीत विरघळतात. तुमचं साचलेलं विष तळहाताच्या उबेनं पळालं असं समजायचं का?

पाच लिटर पाण्याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर असताना रानात काम करणाऱ्याला पाणी भरपूर लागणारच, मुतखडा झालेल्याला पण डॉक्टर जास्तच प्यायला सांगतात. पण पाणी जास्त ओतलं म्हणून जाळी जास्त धुतली जात नाही, रक्त जेवढं गाळायचं तेवढंच गाळलं जातं, जास्तीचं पाणी फक्त परत घेतलं जात नाही. आणि ज्याच्या किडन्या आधीच दमल्यात त्याला पाच लिटर पाजलं तर पाय सुजतील, पाणी फुप्फुसात उतरेल, रात्री उशाला तीन उशा लावून बसावं लागेल. उन्हाचा आणि किडनीचा संबंध मात्र खरा आहे, त्याच्यावर कोणी फॉरवर्ड करत नाही. एल साल्वाडोर, निकाराग्वा तिकडच्या ऊसतोड मजुरांत शुगर नाही, बीपी नाही तरी तरुण वयात किडन्या जाताना दिसल्या आणि उन्हातलं ढोर काम, पाणी कमी, हे त्यातलं एक मोठं कारण मानतात. आपल्या बीड-धाराशिवची माणसं कोयता घेऊन दरवर्षी जातात, संध्याकाळी अंग ठणकतंय म्हणून किराणा दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. अंगात पाणी कमी असताना किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला जे रसायन लागतं तेच ही गोळी बंद करते. किडनीसाठी काही फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.

क्रिएटिनिन साडेचारवरून दोन. होऊ शकतं, मी स्वतः त्याहून मोठे फरक छापलेत. पण कसे? लगीनसराईत जुलाब-उलट्या झालेला माणूस येतो, अंगातलं पाणी गेलेलं, क्रिएटिनिन चारवर. सलाईन लागतं, दुखण्याची गोळी बंद होते, आठ-दहा दिवसात दीडवर येतं. त्या आठ दिवसात मावशीनं कोथमिरीचं पाणी पाजलं असेल तर श्रेय कुणाला? सलाईनचा फोटो कोणी टाकत नाही. शिवाय क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा कचरा, पहिलवानाचा जास्त, वाळलेल्या आजीचा कमी, आदल्या रात्री मटणावर ताव मारला तर सकाळी थोडं वाढलेलंच. आम्ही मोजतो ती जाफेची पद्धत १८८६ सालची आहे, पिक्रिक ॲसिडचा पिवळा रंग केशरी होतो आणि मशीन तो केशरीपणा मोजतं, दोन लॅबमधे थोडाफार फरक निघतोच. आणि वाईट बातमी म्हणजे किडनीचं निम्म्याच्या आसपास काम जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत पण नाही, म्हणून "माझं १.२ आहे, मी ठणठणीत" याला पण अर्थ नाही.

आता "नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाही". याच्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले.

आमचे चुलत सासरे, तात्या, औशाकडच्या गावात असतात. शुगर पंधरा वर्षं, बीपी, क्रिएटिनिन ३.४, म्हणजे किडनीचं काम विसेक टक्के उरलेलं. मागच्या वैशाखात पायात गोळे येतात, पाय उचलत नाहीत म्हणून मुलानं गाडीवर घालून आणलं. रक्त मीच घेतलं. पोटॅशियम आलं ६.९. पहिल्यांदा वाटलं सॅम्पल खराब झालं, कारण सुई ओढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं, पण तसं असतं तर सीरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहतं ते पाणी, गुलाबी दिसतं, हे स्वच्छ गवती पिवळं होतं. परत लावलं, परत ६.९. साडेपाचच्या वर असेल तर काळजी, सातच्या जवळ म्हणजे हृदय कधीही ठोका चुकवेल. पळत बाहेर गेले. ईसीजी निघाला, कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, रात्रभर मॉनिटर. वाचले.

मग चौकशी केली तर दीड महिना रोज कोथमिरीचं पाणी, वर उन्हाळा म्हणून शहाळं, आणि बीपीसाठी चांगलं म्हणून दुकानदारानं दिलेलं कमी सोडियमचं मीठ. आता जोडून बघा. पालेभाजीत पोटॅशियम असतं, शंभर ग्रॅम कोथमिरीत पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास. शहाळ्याच्या एका मोठ्या ग्लासात तेवढंच किंवा जास्त. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी घातलेलं असतं ते पोटॅशियमच. चांगली किडनी हे सगळं सहज बाहेर टाकते, तुम्हाआम्हाला काही होणार नाही. विस टक्क्याची किडनी टाकू शकत नाही, त्यात टेल्मिसार्टनसारख्या गोळीनं पण पोटॅशियम थोडं वाढतंच. एकट्या कोथमिरीनं झालं असं मी म्हणणार नाही. पण किडनीच्या पेशंटला आहारतज्ज्ञ काय सांगतात माहितीये का? भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, कारण उकळल्यावर पोटॅशियम पाण्यात उतरतं. आणि मेसेज काय सांगतो? बारीक चिरा, उकळा आणि तेच पाणी प्या. मुद्दाम उलटं लिहायचं ठरवलं असतं तरी इतकं बरोबर उलटं जमलं नसतं.

मी तात्यांना म्हणलं, तात्या, कुणाला विचारलं पण नाही का तुम्ही? तर म्हणले, "अगं सूनबाई, कोथमिरीनं बी माणूस मरत असतंय का? जन्मभर मिरचीचा ठेचा आन् कोथमीर खाऊनच एवढे झालाव आम्ही." ह्याच्यावर मी काय बोलणार. खरंय ना त्यांचं, जेवणात चिमूटभर घालायची वस्तू आहे ती, कोणी पण घाला.

राहिलं डायलिसिस. "एकदा लागलं की सुटत नाही" हे पण अर्धवट. जुलाब, सर्पदंश, एखाद्या औषधानं अचानक बंद पडलेल्या किडन्यांना थोडे दिवस डायलिसिस लागतं आणि बऱ्याच जणांचं सुटतं. ज्यांच्या किडन्या कायमच्या गेल्यात त्यांचं सुटत नाही, पण डायलिसिसमुळं किडनी गेलेली नसते, किडनी गेली म्हणून डायलिसिस लागलेलं असतं. छत्रीमुळं पाऊस पडत नाही. १९४३ साली विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरनं सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या गुंडाळून हे मशीन केलं, महायुद्ध चालू असताना. आजचं मशीन कितीतरी पुढं गेलंय, तरी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे १६८ तासातले बाराच तास काम करतं, आणि परत घ्यायचा जो दसरा मी वर सांगितला तो त्याला नेफ्रॉनसारखा जमत नाही. किडनी रक्त वाढवायचं हार्मोन पण बनवते, ते तर मशीन करतच नाही, म्हणून त्या पेशंटला वेगळी इंजेक्शनं. घाबरून चार महिने काढे पीत बसलेला माणूस शेवटी रात्री दोनला धाप लागून येतो आणि मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागतं, तेच आधी आला असता तर हातावर फिस्टुला (दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली सुईची जागा) करून सावकाश झालं असतं. पैशासाठी मागं राहू नका, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, जिल्हा रुग्णालयात विचारा.

जाऊबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणल्या, बाई मी तर न वाचताच पुढं पाठवलं, आणि ग्रुपवरून काढून टाकला. तात्यांच्या घरी आता भाजी उकडून पाणी फेकतात, काकू ते दारातल्या कढीपत्त्याला घालतात. मागच्या महिन्यात गेलो तर झाड नुसतं पानांनी लदलेलं, तात्या बाजेवर बसून म्हणले, बघ, ह्याची किडनी लई साफ झालीय.